माजी सैनिकाच्या घरात ताण, व्यसन, झोपेचा त्रास असेल तर पहिला फोन कुठे? (फलकाचा मजकूर तपासून हवा)

तालुका_सचिव

जय हिंद. माजी सैनिक संघटनेच्या कार्यालयाबाहेर ४ बाय ३ फुटांचा फलक लावायचा आहे. लांबून वाचता यावा इतकी मोठी अक्षरं धरली तर फार तर १५ ओळी बसतात. सध्याचा मसुदा असा आहे:

"माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना मानसिक तणाव, व्यसनाधीनता, कौटुंबिक कलह अशी समस्या असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. ईसीएचएस कार्डधारकांनी पॉलिक्लिनिकमध्ये मोफत उपचार घ्यावेत. आत्महत्येचे विचार येत असल्यास १४४१६."

(ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, पॉलिक्लिनिक म्हणजे तिचा दवाखाना.) यात चुकीचं काय आणि राहिलंय काय ते सांगा. शिवाय कार्यालयात चार प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची नेमकी उत्तरं हवीत. तो माणूस यायलाच तयार नसेल तर बायकोने एकटीने कुठे जायचं? मानसोपचाराची नोंद झाली तर पेन्शन बंद होते का? दारू सोडवायची तर कुठे न्यायचं? आणि कार्डावर नावाची चूक असेल तर उपचार अडतात का?

पीपीओवाला

पहिलंच वाक्य बदला. लोक अजूनही ज्याला सैनिक बोर्ड म्हणतात, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मुळात कागदांचं कार्यालय आहे. माजी सैनिकाचं आणि विधवेचं ओळखपत्र, पेन्शनचा पाठपुरावा, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अनुदानांचे अर्ज ही त्यांची कामं. तिथे समुपदेशक बसलेला असेल असं धरून कोणाला पाठवू नका. रात्रभर न झोपलेला माणूस ६० किलोमीटर एसटीने जातो, खिडकीवर 'काय काम आहे?' विचारतात, चार माणसांसमोर त्याला सांगता येत नाही आणि तो शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन परत येतो. दुसऱ्यांदा तो कुठेच जात नाही.

पण या कार्यालयाला मसुद्यातून काढूनही टाकू नका. घरातल्या ताणाचं मूळ पुष्कळदा पैशात असतं: थांबलेली पेन्शन, अडकलेली फॅमिली पेन्शन, मुलीच्या लग्नाचं कर्ज. ते काम इथलंच. कल्याण संघटक तालुक्याच्या दौऱ्यावर येतात, त्यांची तारीख विचारून फलकावर खडूने लिहायला एक रिकामी ओळ सोडा. ज्यांना पेन्शनच नाही अशा वृद्ध माजी सैनिकांना आणि विधवांना (हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंत, वय ६५ च्या पुढे) रक्षा मंत्री निधीतून दरमहा अनुदान मिळतं. ते आधी ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० रुपये झालं आहे. अर्ज ऑनलाइन होतो, पण शिफारस जिल्हा कार्यालयाची लागते.

ईसीएचएसबद्दल. 'पॉलिक्लिनिकमध्ये मोफत उपचार' हे अर्धंच खरं. बहुतेक पॉलिक्लिनिकमध्ये मेडिकल ऑफिसर असतो, मानसोपचारतज्ज्ञ नसतो. क्रम असा: कार्ड घेऊन नोंदणी, मेडिकल ऑफिसरची तपासणी, मग सैनिकी रुग्णालयाचं किंवा पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयाचं रेफरल. रेफरल न घेता थेट खासगी डॉक्टरकडे गेलात तर बिल आपल्याच खिशातून जातं. इमर्जन्सीला वेगळा नियम आहे. पॅनेलवरच्या रुग्णालयात कार्ड दाखवलं की दाखल करून घेतात आणि पुढची ऑनलाइन कळवाकळवी तेच करतात. पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायची जबाबदारी घरच्यांची. ही मुदत चुकली की बिल मंजूर करून घेताना नाकी नऊ येतात.

नावाची चूक. डिस्चार्ज बुकात 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई', पॅनवर माहेरचं आडनाव: हे इतक्या घरांत आहे की तुम्ही आधी तेच तपासा. चालू कार्डावर उपचार सहसा अडत नाहीत. अडतं ते नवीन कार्ड काढताना, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवरा गेल्यानंतर फॅमिली पेन्शनला. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमधूनच (रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणारं कार्यालय) होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला. आधार, पॅन, प्रतिज्ञापत्र आणि अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत पाठवा, पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा आदेश) निघाली की सुधारित पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) येतो आणि तो स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. माजी सैनिक स्वतः हयात असताना, त्याच्या सहीने हे काम जितकं सोपं होतं तितकं नंतर कधीच होत नाही.

आणि हो, हयातीचा दाखला. पेन्शन अचानक थांबली की 'सरकारने माझी पेन्शन तोडली' असं मनात बसतं आणि आधीच खचलेला माणूस आणखी खचतो. शंभरातली नव्वद प्रकरणं नोव्हेंबरमध्ये दाखला न भरल्याची असतात, असं माझं मत. दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही भरता येतो.

ओपीडीताई

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची बाजू लिहिते.

मसुद्यातली 'मानसिक तणाव' ही शीर्षकाची ओळ काढा. चौकातल्या त्या शब्दांसमोर कोणीही उभा राहून नंबर टिपून घेणार नाही. 'झोप लागत नाही? रात्री दचकून जाग येते? लहानसहान आवाजाने चिडचिड होते?' असं लिहा. झोपेबद्दल बोलायला फौजी माणसाला कमीपणा वाटत नाही, आणि डॉक्टरांनाही सुरुवात तिथूनच करायची असते.

यायला तयार नसेल तर: बायकोने, आईने, मुलाने एकट्याने आलेलं चालतं. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फक्त आत्महत्येसाठी आहे असा तुमच्या मजकुरातून अर्थ निघतो, तो चुकीचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही चोवीस तासांची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरातल्या माणसाने 'त्यांच्याशी कसं बोलू?' एवढंच विचारायला फोन केला तरी चालतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी विभागात पाठवतात. मुलगा अजून सेवेत असेल तर हेही सांगा की पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय) डिसेंबर २०२३ मध्ये सेवेतल्या जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला.

ईसीएचएस कार्ड नसलेल्यांनी, किंवा पॉलिक्लिनिक दूर पडतं त्यांनी, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत यावं. त्यासाठी माजी सैनिक असल्याचा कागदही लागत नाही. दाखल करण्याची वेळ आलीच तर राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. पण पहिल्या भेटीलाच तिकडे निघायची घाई नको.

डॉक्टरांसमोर काय होतं ते सांगते. माणूस बसतो, 'काही नाही, जरा डोकं दुखतं' म्हणतो, गोळी घेतो आणि उठतो. हे टाळायचं तर १४ दिवसांची नोंद आणा. साध्या वहीचं एक पान पुरतं:

"मंगळवार. ११ ला आडवे झाले. १:४० ला उठले, पुढचं दार आणि मागची खिडकी दोनदा पाहिली. ओसरीवर बसले. ४ नंतर डोळा लागला. संध्याकाळी एक क्वार्टर. जेवण अर्धं."

अशा चौदा ओळी वाचायला डॉक्टरांना एक मिनिट लागतं, आणि रेफरल मागायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

प्रत्येक चिडका फौजी 'पीटीएसडी'च (आघातानंतरचा मानसिक त्रास) असतो असंही नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरचेच निदान करून येतात, म्हणून मुद्दाम लिहिते. तोफखान्यात, चिलखती दलात काढलेल्या माणसाचे कान आधी तपासा. ऑडिओमेट्रीला अर्धा तास लागतो. ज्याला ऐकू कमी येतं तो मोठ्याने बोलतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, लग्नाकार्यात जाणं टाळतो, आणि घरात 'हे सारखे ओरडतात' असं होऊन बसतं. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेतला श्वास अडतो का ते पाहावं लागतं. साठीच्या पुढे विसराळूपणा वाढला असेल तर वाट वेगळी. आणि जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो हे लोक विसरतात. सतरा वर्षं ज्याच्या दिवसाला ठरलेलं वेळापत्रक होतं, त्याला सकाळी सहाला उठून करायला काहीच नसणं हाही मोठा आजारच आहे, फक्त त्यावर गोळी नाही.

खरोखर आघाताचा त्रास असेल (प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं, महिन्याहून जास्त काळ) तर २० प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. गुण ० ते ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गेले तर सविस्तर मुलाखत. त्या आकड्यावरून निदान होत नाही, म्हणून तो घरी लावत बसू नका. बोलण्याचे ठरावीक उपचार आहेत: एकात साधारण १२ सत्रं, दुसऱ्यात ८ ते १५ सत्रं, दीड-दीड तासाची. तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर त्रास काही दिवस वाढल्यासारखा वाटतो, कारण झाकलेलं उघडलेलं असतं. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, 'याने तर बिघडलंच, बंद करा.' तो आठवडा ओलांडायचा असतो.

गोळ्यांचंही तसंच. उदासीसाठी आणि आघातासाठी जी औषधं देतात त्यांचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवते. म्हणून लोक दहाव्या दिवशी सोडतात. सोडायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. झोपेच्या गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने आणणं सगळ्यात वाईट. आघाताच्या त्रासाला त्या उपयोगाच्या नाहीत, सवय लागते, आणि वर दारू असेल तर श्वास मंदावतो.

बायकांसाठी एक: रात्री दचकून ओरडत असतील तर जवळ जाऊन हलवू नका. पायाच्या बाजूला, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर उभं राहून दिवा लावा, नावाने हाक मारा, 'तुम्ही घरी आहात' म्हणा. झोपेत हात उगारला जातो तो तुमच्यावर नसतो, पण लागतो तुम्हालाच.

सिग्नल्स_रिटा

दारूबद्दल कोणी लिहिलं नाही. लष्करी कॅन्टीनमधला दारूचा कोटा बंद केला की प्रश्न सुटला असं समजून घरचे कॅन्टीन कार्ड लपवतात. ते योग्य आहे का?

ओपीडीताई

कार्ड लपवून दारू सुटत नाही, बाहेरची सुरू होते. पण त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकदम बंद केली तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, दिवस-रात्रीचं भान जाणं, 'शत्रू आला' म्हणून पळणं असं होऊ शकतं, आणि यात जीव जाऊ शकतो. गावात याला कोणी देवाचं समजतं, कोणी वेड. ही रुग्णालयात न्यायची वेळ असते. नवस, शपथ, घरात कोंडणं यातलं काहीही करू नका. डॉक्टरांना रोजचं प्रमाण आणि शेवटचा पेग कधी घेतला ते खरं सांगा, कारण सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं. 'कधीकधी घेतात' असं सांगितलं की ते राहून जातं.

सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून या कामात आहे. पुढच्या महिन्या-वर्षांसाठी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांचा स्वमदत गट) मीटिंग आणि घरच्यांसाठी तसाच अल-अनॉन, दोन्हीला फी नाही. ईसीएचएस कार्डधारकांनी कुठेही दाखल करण्याआधी पॉलिक्लिनिकला विचारावं. केंद्र पॅनेलवर नसेल तर बिल परत मिळेल असं गृहीत धरू नका.

वकील_सातारकर

कायद्याच्या बाजूने तीन-चार गोष्टी.

मानसोपचार घेतले म्हणून सेवा पेन्शन बंद होत नाही. फलकावर हे ठळक लिहा, कारण अडतं ते याच भीतीने. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, म्हणून 'पोलीस केस होईल' या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. पण खोटा धीरही देऊ नका. बँकेत गार्ड असेल आणि बंदुकीचा परवाना असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी वैद्यकीय बाजू निघू शकते. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर कळलं तर विश्वास जातो.

बंदुकीवरून आठवलं. घरात बारा बोअर आहे आणि माणूस 'जगून काय करू' म्हणतोय, तर उपचार सुरू व्हायची वाट न पाहता बंदूक घराबाहेर जायला हवी. निवडणुकीच्या वेळी परवानाधारक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, त्यामुळे तो रिवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एरवीही ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानात ठेवता येते, पावती घ्यायची. 'साफ करायला दिली' म्हणून परस्पर भावाकडे नेऊन ठेवू नका, परवाना भावाच्या नावावर नाही. नेताना काडतुसं वेगळी न्या.

रात्री गाडी पाठवून, हातपाय बांधून उचलून नेणारी 'केंद्रं' आहेत. ते बेकायदा आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्याला दाखल करायचा रस्ता कलम ८९ मध्ये आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते आधी विचारा. खासगी 'काउन्सेलर'चंही तेच. ती पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागायला लाजू नका.

मारहाण होत असेल तर 'आजारी आहे, सांभाळून घे' हा सल्ला फलकावरून नको, तोंडीही नको. उपचार आणि संरक्षण दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. महिला हेल्पलाइन १८१, तात्काळ धोक्यात ११२. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. सैनिक कुटुंबांसाठी नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली आहे. जमिनीच्या वादात अडकलेल्यांना ती सांगा, कारण बांधाचा दावा हे फौजी घरांतलं झोप उडायचं जुनं कारण आहे.

पीपीओवाला

वकीलसाहेबांच्या मजकुराला एक जोड. मानसिक आजाराची डिसॅबिलिटी पेन्शन मागायची असेल तर तो वेगळा अर्ज आहे: मेडिकल बोर्डाचे कागद, अपील, आणि शेवटी लष्करी न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. ते सुरू असतं म्हणून उपचार थांबवू नका. 'बरा दिसलो तर अपंगत्वाचे टक्के कमी होतील' म्हणून औषध न घेणारे आहेत. टक्के मिळेपर्यंत घर मोडतं.

तालुका_सचिव

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा:

"रात्री झोप लागत नाही? दचकून जाग येते? चिडचिड, दारू वाढली?
माजी सैनिक, पत्नी, आई-वडील, मुलं: कोणीही फोन करा, मराठीत बोला.
टेलि-मानस १४४१६ (मोफत, २४ तास)
दारू: १४४४६. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टर.
ईसीएचएस कार्ड: पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. १४ दिवसांच्या झोपेची नोंद सोबत न्या.
कार्ड नसेल: जिल्हा रुग्णालय, मानसोपचार ओपीडी.
उपचार घेतल्याने पेन्शन बंद होत नाही.
मारहाण: १८१. मोफत वकील: १५१००. तात्काळ धोका: ११२.
पेन्शन, नावदुरुस्ती, अनुदान: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.
कल्याण संघटक तालुक्यात येण्याची तारीख: ________"

बंदुकीचं फलकावर लिहीत नाही, ते कार्यालयात बसणाऱ्या दोघांना तोंडी समजावून ठेवतो.

सिग्नल्स_रिटा

चांगलं झालं. दोन सूचना. हाच मजकूर पोस्टकार्डाच्या आकारात छापून कॅन्टीनच्या बिलासोबत द्या. तिथे रांगेत बायकाही असतात, आणि कागद पिशवीत टाकताना कोणी बघत नाही. दुसरं, १४४१६ सगळ्यात वरच्या ओळीत घ्या. कार्यालयाच्या भिंतीला मोटारसायकली लागतात, खालचे दीड फूट दिवसभर झाकलेलेच असतात. खडूची ओळ मात्र खालीच ठेवा, नाहीतर दर महिन्याला स्टूल शोधावं लागेल.